संदर्भाविना बुद्धवचन : महाजालावरील त्रिपिटक आणि आपली वाचनपद्धती

तथागतांच्या नावाने एक वचन सध्या घरोघरी पोहोचले आहे. ग्रंथात लिहिले आहे म्हणून, परंपरेने चालत आले आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काहीही मानू नका. स्वतःच्या बुद्धीला पटेल तेवढेच स्वीकारा, असा त्याचा आशय आहे. बुद्धपौर्णिमेला ते भ्रमणध्वनीवर येते, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या फलकांवर झळकते आणि व्याख्यानाच्या आरंभी उद्धृत होते. त्याखाली कधी केवळ ‘भगवान बुद्ध’ असे लिहिलेले असते, तर कधी ‘कालाम सुत्त’. निकाय, निपात, सुत्ताचा क्रमांक वा अनुवादकाचे नाव मात्र सहसा आढळत नाही.

एका विहारातील वर्षावासाच्या अभ्यासवर्गात एका तरुण उपासकाने हेच वचन मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले. आम्ही त्याला मूळ सुत्त काढण्याची विनंती केली. त्याच भ्रमणध्वनीवर दोन-तीन मिनिटांत मूळ पाली पाठ त्याच्यासमोर आला, तोही देवनागरीत. त्याने तो वाचला, अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आणि थोडा वेळ स्तब्ध राहून म्हणाला, “सर, इथे तर तर्कावर विसंबून राहू नका असंही म्हटलंय!” हा प्रसंग लहानसा असला तरी प्रस्तुत लेखाचा विषय त्यात सामावलेला आहे. बनावट वचन आणि मूळ पाठ ही दोन्ही एकाच यंत्रात होती. वचन न मागता हाती आले होते. पाठ मात्र शोधावा लागला.

तंत्रज्ञानाविषयी आपल्या समाजात दोन टोकाची मते आढळतात. महाजालामुळे ज्ञान सर्वांसाठी खुले झाले, हे एक. आणि महाजालाने वाचन बुडविले, हे दुसरे. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. संस्थांनी त्या साधनावर काय ठेवले आहे आणि आपण वाचक त्याचे काय करतो, या दोन प्रश्नांची स्वतंत्रपणे तपासणी झाल्याशिवाय निर्णय देता येणार नाही.

प्रथम संस्थांचे कार्य पाहू. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे छठ्ठ संगायन भरले. त्याच सुमारास, डिसेंबर १९५४ मध्ये, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. या संगायनात संशोधित झालेला पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात देवनागरीत मुद्रित केला, संगणकाच्या तबकडीवर आणला आणि पुढे महाजालावर खुला केला. मूळ त्रिपिटकासोबत अट्ठकथा आणि टीकाही त्यात आहेत. त्यापूर्वी देवनागरीत पाली वाचू इच्छिणाऱ्याचा मुख्य आधार म्हणजे भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नव नालंदा महाविहाराने काढलेले ४१ खंड होत. ते पाहण्यासाठी एखादे मोठे ग्रंथालय गाठावे लागे. आज नाशिक जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात बसलेल्या मुलीला तोच बुद्धवचनाचा साठा विनामूल्य पाहता येतो. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला स्पर्श करण्याची मनाई होती, त्यांच्या दृष्टीने ही सामान्य घटना नव्हे.

दुसरे कार्य सुत्तसेंट्रल या प्रकल्पाचे. भिक्खू सुजातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली सुरू केलेल्या या प्रकल्पात पाली सुत्तांशेजारी चिनी, संस्कृत व तिबेटी परंपरांतील समांतर सूत्रे दाखविली जातात. आपण ज्याला कालाम सुत्त म्हणतो त्याचे समांतर सूत्र चिनी मध्यम आगमात सोळाव्या क्रमांकावर आहे, हे तेथे क्षणात कळते. भिक्खू सुजातो यांनी आपला चार निकायांचा इंग्रजी अनुवाद स्वामित्वहक्क न राखता सर्वांना दिला आहे. धम्मदान या शब्दाचा हा आधुनिक अर्थ म्हणावा लागेल.

तिसरे कार्य बाबासाहेबांच्या ग्रंथांविषयीचे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी खंडांच्या प्रती केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्यात आल्या. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात जेथे अध्ययन केले, त्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ यांच्या वाचनीय आवृत्त्या सिद्ध केल्या.

या कार्याविषयी आम्हांला कृतज्ञता वाटते. तथापि समीक्षकाने उणिवाही सांगितल्या पाहिजेत. विन्यासाच्या पाठासोबत मराठी अर्थ नाही. केवळ मराठी जाणणारा वाचक पाली शब्द उच्चारू शकतो, पण त्याच्या अर्थापर्यंत पोहोचत नाही. शिवाय शोध घेतानाही अडचण येते. पालीत शब्दाला विभक्तीचे प्रत्यय लागतात, संधी होतात, समास होतात. आपण मूळ शब्द टंकित करतो आणि ग्रंथात तो निराळ्या रूपात बसलेला असतो. कालाम सुत्त हे लोकप्रिय नाव शीर्षकांत शोधणाऱ्याला या आवृत्तीत त्याऐवजी ‘केसमुत्तिसुत्त’ हे शीर्षक भेटते, कारण सुत्ताला गावावरून नाव दिलेले आहे. हे ज्ञात नसलेला वाचक सुत्तच नाही असे समजून परत फिरतो. शासकीय खंडांचे म्हणाल तर पृष्ठांची छायाचित्रे चढविणे म्हणजे ग्रंथ खुला करणे नव्हे. आणि मराठीची स्थिती याहून बिकट आहे. १९९० च्या दशकात आपल्या चळवळीतील बहुसंख्य पुस्तके व नियतकालिके श्री-लिपीसारख्या टंकांत जुळविली गेली. त्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय कोणत्याही शोधयंत्राला वाचता येत नाही. परिणामी इंग्रजीतील आंबेडकर महाजालावर सापडतात आणि मराठीतील आंबेडकर, जे आपल्या आईबापांशी बोलले, ते तेथे जवळजवळ मुके राहतात.

आता वाचकांकडे, म्हणजे स्वतःकडे वळू.

कालाम सुत्त अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आहे. कोसल देशातील केसपुत्त गावचे कालाम तथागतांकडे येतात आणि आपली अडचण सांगतात. आमच्या गावी श्रमण-ब्राह्मण येतात. प्रत्येक जण आपले मत उजळून दाखवितो आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करतो. यांतील खरे कोण आणि खोटे कोण, असा त्यांचा प्रश्न आहे. महाजालावर रोज शेकडो परस्परविरोधी मते वाचणाऱ्या माणसाचा प्रश्न यापेक्षा वेगळा नाही. म्हणूनच या सुत्ताचा विपर्यास आम्हांला अधिक गंभीर वाटतो.

तथागत प्रथम सांगतात की तुमची शंका रास्त आहे. नंतर ते दहा आधार मोजतात, ज्यांपैकी केवळ एकावर विसंबून कोणतेही मत स्वीकारू नये. ऐकीव माहिती, परंपरा, लोकवार्ता आणि पिटकातील उल्लेख हे आधार त्यांत आहेत. ते सर्वांना ठाऊक असतात. पण त्याच यादीत ‘तक्कहेतु’ आणि ‘नयहेतु’ म्हणजे तर्क व अनुमान आहेत. ‘दिट्ठिनिज्झानक्खन्ति’ म्हणजे आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणून पटणे, हेही आहे. सांगणारा योग्य दिसतो म्हणून मानणे आहे, आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून मानणे हेही आहे. प्रचलित वचनाने या यादीतील बाहेरचे आधार ठेवले आणि आतले गाळले. ग्रंथावर विसंबू नका हे ठेवले; स्वतःच्या आवडत्या मतावरही विसंबू नका हे पुसून टाकले. इतकेच नव्हे, तर जे सुत्ताने अपुरे ठरविले तेच अंतिम कसोटी म्हणून बुद्धाच्या तोंडी घातले.

मग सुत्ताची कसोटी कोणती? लोभ, द्वेष आणि मोह उत्पन्न झाले असता माणसाचे हित होते की अहित, असे तथागत विचारतात. कालाम उत्तर देतात. ही गोष्ट कुशल की अकुशल, सदोष की निर्दोष, सुज्ञांनी निंदिलेली की प्रशंसिलेली, आचरली असता सुखाकडे नेणारी की दुःखाकडे, हे स्वतः जाणावे आणि त्यानुसार सोडावे वा स्वीकारावे. येथे स्वानुभव आहे, परंतु तो एकट्याचा लहरी अनुभव नाही. त्याला सुज्ञांचे मत जोडलेले आहे आणि परिणामाची जबाबदारीही जोडलेली आहे. ‘मला पटते’ या दोन शब्दांत ही कसोटी मावत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. बाबासाहेबांनीच बुद्धिसंगत व तर्कसंगत असेल ते बुद्धवचन मानावे अशी कसोटी दिली नाही काय? मग प्रचलित वचनात चूक ती कोणती? आमचे उत्तर असे की बाबासाहेबांची कसोटीही आपण अशीच अर्धी वाचली आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडाच्या दुसऱ्या भागात गैरसमजाच्या कारणांचे प्रकरण आहे. तेथे ते सांगतात की तथागत हयात असतानाच त्यांच्या वचनांचे चुकीचे निवेदन होत असे. त्यासाठी ते अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक या पाच सुत्तांचा नावानिशी आधार देतात. ग्रंथ मुखोद्गत करणाऱ्या भाणकांकडून चुका कशा होऊ शकतात याचे कारण देतात. त्यानंतर कसोट्या येतात. बुद्धिसंगतता ही पहिली, आणि तिलाही इतर बाबी समान असल्या तर अशी अट आहे. मानवी कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत तथागत पडत नसत, ही दुसरी. ज्या विषयांत त्यांना निश्चिती होती ते आणि ज्यांत नव्हती ते, यांतील भेद ओळखणे ही तिसरी.

याचा अर्थ स्पष्ट आहे. परंपरेने आलेल्या अनेक निवेदनांतून खरे कोणते हे निवडण्यासाठी बाबासाहेबांनी बुद्धीची कसोटी दिली. बुद्धीला पटणारे नवे वाक्य रचून ते तथागतांच्या नावावर खपविण्याचा परवाना त्यांनी दिला नाही. कल्याणाची त्यांची दुसरी कसोटी ही कालामांना दिलेल्या कसोटीची सख्खी बहीण आहे. आणि आपल्या ग्रंथाच्या प्रत्येक प्रकरणातील परिच्छेदांना त्यांनी स्वतः क्रमांक दिले आहेत. खंड, भाग, प्रकरण, परिच्छेद असा चार आकड्यांचा पत्ता ज्या ग्रंथाला लेखकानेच दिला, त्या ग्रंथातील वचन पत्त्याविना पाठविणे हा त्या लेखकाचा गौरव नव्हे.

ही ढिलाई बुद्धवचनापुरती मर्यादित नाही. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी केलेल्या इंग्रजी भाषणातील अंतिम उपदेशाचा क्रम शिक्षण, चेतना आणि संघटन असा आहे. मराठीत तो ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असा रूढ झाला. मधला शब्द शेवटी गेला आणि त्याचा अर्थही पालटला. मन ढवळून निघणे आणि रस्त्यावर झुंजणे या दोहोंत अंतर आहे. आधी मने जागी होऊन मग संघटना बांधणे आणि आधी संघटना बांधून मग लढणे यांतही अंतर आहे. मराठी रूप टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. त्याने लाखो माणसांना उभे केले आहे. पण मूळ क्रम एका शोधासरशी सापडत असताना तो आपल्या कार्यकर्त्याला ठाऊक नसावा, ही खंत आहे.

कोणी म्हणेल की हा पंडितांचा काथ्याकूट आहे. सामान्य माणसाने श्रद्धेने एक वचन पाठविले तर बिघडले काय? आम्ही सामान्य माणसाला दोष देत नाही. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी येथे भाकरी बांधून येणारी आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जाणारी आपली माणसे आहेत. शब्दाविषयीचा त्यांचा आदर अस्सल आहे. म्हणूनच त्यांच्या हाती नकली शब्द देणे अधिक अन्यायाचे ठरते. शिवाय आपल्या विरोधकांच्या हातीही तेच शोधयंत्र आहे. त्यांनी एक वचन बनावट असल्याचे दाखविले की त्याच्या शेजारची दहा खरी वचनेही संशयित होतात. बाबासाहेबांनी प्रतिपक्षाला उत्तरे दिली ती ग्रंथांचे आधार देऊन. तो वारसा सांगणाऱ्यांनी बिनपत्त्याच्या वाक्यांवर वाद घालू नये.

अलगद्दूपम सुत्तात याचा आणखी खोल विचार आहे. सर्प शोधणारा मनुष्य सर्पाला शेपटीकडून धरतो आणि सर्प उलटून त्याला डसतो. जे लोक दुसऱ्यावर दोषारोप करण्यासाठी आणि वादात सुटका करून घेण्यासाठी धम्म शिकतात, त्यांची गत तशीच होते असे तेथे सांगितले आहे. शोधयंत्राने वाक्य नेमके शेपटीकडून हाती दिले जाते. मागेपुढे काय आहे, कोणाला उद्देशून आहे, कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे मागे राहते. समूहात चाललेल्या वादात ते फेकण्यासाठी आपण उचलतो आणि वाद संपताच विसरतो.

अलीकडे यात नवी भर पडली आहे. प्रश्न विचारताच उत्तर रचून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आहेत. ती सुत्ताचे नाव आणि क्रमांकही देतात. परंतु कित्येकदा त्या क्रमांकावर ते वचन नसते. पूर्वीचे बनावट वचन निदान पत्त्याविना येत असे. आता खोटा पत्ता धारण करून येते. म्हणजे संदर्भ असणे पुरेसे नाही, तो उघडून पाहणे आवश्यक आहे.

यावरील उपाय बाहेरून आणावयाचा नाही. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेश सांगितले. कोणी म्हणेल की हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले. कोणी म्हणेल की अमुक ठिकाणच्या संघाकडून ऐकले. कोणी म्हणेल की अनेक बहुश्रुत स्थविरांकडून, तर कोणी म्हणेल की एका बहुश्रुत स्थविराकडून. चारही प्रसंगी आज्ञा एकच आहे. त्या बोलण्याचे लगेच अभिनंदन करू नये आणि लगेच धिक्कारही करू नये. त्यातील पदे व अक्षरे नीट ग्रहण करावीत. ती सुत्तात आणि विनयात पडताळून पाहावीत. जुळली तर स्वीकारावीत, न जुळली तर सोडावीत. ही पडताळणी करण्यासाठी भाणकांना आयुष्य वेचावे लागले. ब्रह्मदेशात मिंडोन राजाच्या काळी हेच त्रिपिटक संगमरवराच्या ७२९ शिलांवर कोरून १८६८ साली पूर्ण झाले. आपल्या हाती त्या सर्व शिला एका मुठीत मावतात. साधन इतके सुलभ झाले असता पडताळणी अधिक व्हावयास हवी होती. ती कमी झाली, कारण पुढे पाठविण्यास एक क्षण लागतो आणि पडताळण्यास दोन-तीन मिनिटे.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. पहिली, कोणत्याही विहाराच्या वा संस्थेच्या फलकावर, पत्रिकेवर किंवा भ्रमणध्वनी-समूहावर पत्त्याविना बुद्धवचन वा बाबासाहेबांचे वचन जाऊ नये, आणि ज्याने ते पाठविले त्याने मूळ स्थळ एकदा तरी उघडलेले असावे. दुसरी, महाराष्ट्र शासनाने ११व्या खंडाला जोडून १९९५ साली बाबासाहेबांच्या या ग्रंथाचे पाली व इतर आधार प्रसिद्ध केले. ते आधारस्थान आणि महाजालावरील पाली पाठ यांची मराठी परिच्छेदवार जोडणी आपल्या अभ्याससंस्थांनी करावी. १६व्या खंडात बाबासाहेबांचा पाली शब्दकोश आहे आणि त्यात मराठी अर्थही आहेत. तो शोधता येईल अशा रूपात आणावा. तिसरी, १९४७ साली दिवंगत झालेल्या धर्मानंद कोसंबी यांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मराठी लेखन आणि बाबासाहेबांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. ते युनिकोडमध्ये टंकित करण्यास परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे काम एका विद्वानाने एका खोलीत बसून करावे असे आम्हांला वाटत नाही. संगायन या शब्दाचा अर्थच मुळी एकत्र म्हणणे असा आहे. एकाने म्हणावे, इतरांनी ऐकावे, चुकले तर थांबवावे, अशा रीतीने ते वचन शतकानुशतके टिकले. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास असाच काढता येईल. एकाने टंकित करावे, दुसऱ्याने मोठ्याने वाचावे, तिसऱ्याने छापील प्रतीशी ताडून पाहावे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासवर्गातील तो तरुण पुढच्या रविवारी केसमुत्तिसुत्त हाताने उतरवून घेऊन आला होता, प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ लिहून. दोन ठिकाणी अर्थ चुकला होता. तो आम्ही सर्वांनी मिळून दुरुस्त केला, आणि समूहावरील जुन्या वचनाच्या जागी त्याने तो पत्त्यासह पाठविला.